अडकलेल्या सळईचा कर्ता

"आमची ही दिवसभर बारमध्ये असते."

हे वाक्य आमच्या चिरंजीवांचं. नव्या माणसाशी ओळख झाली की तो आपल्या बायकोबद्दल हे मुद्दाम बोलतो, समोरच्याचा चेहरा पडेपर्यंत थांबतो आणि मग सांगतो, "अहो, लोखंडाच्या बारमध्ये! सळया, सळया! लेथवर काम करते ती." आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसतो. पोरगा टेम्पो चालवतो. विनोद त्याच्याकडे हा एकच आहे, पण कित्येक वर्षं बिनतक्रार धावतोय. टेम्पोबद्दल तसं म्हणता येणार नाही.

तर ही बारमधली बाई म्हणजे माझी सून. तिच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. घरात विषय काढला तर ती म्हणाली, "लिहा, पण मला गरीब बिचारी करू नका. मी गरीब नाही आणि बिचारी तर मुळीच नाही." हे ती सांगत होती तेव्हा तिच्या एका हातात लाटणं होतं, त्यामुळे मी लगेच कबूल झालो.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आहे म्हणजे अजून आहे. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, दुकानाने नाही. दुकानासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे एका छोट्या कारखान्याचं निळं फाटक. लग्न होऊन आली तेव्हा सुनेला घरात बसवेना. सासूने केलेल्या भाजीत दोनदा मीठ टाकून झालं, तेव्हा सासू, म्हणजे आमची ही, म्हणाली, "हिला दुकानात घेऊन जा, नाहीतर मी माहेरी जाते." या वयात कुठलं माहेर! पण मी सुनेला दुकानात नेलं.

तिथे ती शिकली ते चाकाचा कोन लावायला. ज्यांनी कधी सायकल उघडली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकाच्या मधोमध दांडी असते, दांडीभोवती छर्रे असतात आणि ते छर्रे जागेवर धरायला दोन्ही बाजूंनी कोन आवळायचा असतो. जास्त आवळला तर चाक रडतं. सैल सोडला तर चाक लंगडतं. मधली जागा डोळ्यांना दिसत नाही, ती हाताला लागते. मला ती लागायला वर्ष गेलं होतं. या बयेने थोड्याच दिवसांत एक चाक फिरवून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "बाबा, आवळायचा आणि मग अर्धा श्वास सोडायचा, असंच ना?" अर्धा श्वास! मी आयुष्यभर ते करत आलो होतो, पण त्याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं.

ती मला बाबा म्हणते. चिडली की मामंजी म्हणते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

समोरच्या कारखान्याचा माल आमचा मुलगाच पोचवत असे. एकदा त्याच्याबरोबर ही फाटकाच्या आत गेली. तिथल्या तपासणीच्या टेबलावर बसणारी बाई काम सोडून गेली होती, आणि मालक स्वतः चष्मा कपाळावर चढवून बारीक बारीक दांड्या मोजत होते. आमची सून शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "ती डावीकडची जाड आहे." मालकांनी मोजली. जाड होती. दुसऱ्या दिवसापासून ही टेबलावर. पोराने तिथे आधीच सगळ्यांशी भाऊ-भाऊ केलेलं, त्यामुळे ही सगळ्यांची वहिनी झाली. तिच्यापेक्षा वयाने बरेच मोठे असलेले मालकसुद्धा तिला वहिनी म्हणतात.

आता त्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. घाबरू नका, मलाही ते तिनेच जेवताना भेंडी हातात धरून समजावलं होतं.

साध्या लेथमध्ये काम एका जागी फिरतं आणि हत्यार त्याच्या अंगावरून सरकतं. या मशीनमध्ये उलटं. इथे हत्यार आपल्या जागी उभं असतं आणि माणसाहून लांब सळई गरगर फिरत स्वतः पुढे येते. येते ती एका कडीतून. पेन्सिल शार्पनरमधून डोकं काढते तशी. या कडीला ते बुश म्हणतात. हत्यार बुशच्या अगदी तोंडाशी असल्यामुळे कितीही बारीक सळई असली तरी ती वाकत नाही, थरथरत नाही. आणि काही कामांत सळई थोडी सोलून झाली की तिला पुन्हा बुशात मागे ओढून घ्यावं लागतं, मग परत पुढे. पुढे, मागे, पुढे. त्यातून जी दांडी तयार होते ती दातांच्या डॉक्टरांच्या हातातल्या त्या किर्रर्र करणाऱ्या यंत्रात बसते. म्हणजे माझ्या कवळीचा आणि आमच्या सुनेचा लांबून का होईना, संबंध आहे.

सगळी गंमत बुशात. बुश सैल ठेवला तर दांडी वेडीवाकडी. घट्ट केला तर सळई अडकते, मशीन किंचाळून बंद पडतं. "कसा ठेवायचा मग?" मी विचारलं. ती म्हणाली, "जवळची मैत्रीण निघताना हात सोडते ना, तसं. सोडते, पण जरा रेंगाळून."

म्हणजे सायकलचा कोनच की! मी तसं म्हटलं तर म्हणाली, "मग मी तिथे काय वेगळं करते असं वाटलं तुम्हाला?"

हे मशीन चालवायचे उस्ताद. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येतं, एरवी उस्ताद. मोठा कसबी माणूस, जिभेने फटकळ. टेबलावरून उठून आमची सून सारखी मशीनपाशी जाऊन उभी राहायची. उस्ताद म्हणायचे, "वहिनी, सिनेमा चाललाय का इथे?" ती म्हणायची, "सिनेमा बरा, त्यात हिरो तरी देखणा असतो." असं करत करत उस्तादांनी तिला सगळं शिकवलं. शिकवतोय असं एकदाही न म्हणता शिकवलं. त्यांची पद्धत अशी की ती चुकेपर्यंत गप्प बसायचं, आणि चुकली की टाळ्या वाजवायच्या.

पुढे मालकांनी पलीकडच्या शेडमध्ये मोठी मशीनं घेतली, उस्ताद तिकडे गेले आणि हे मशीन मिळालं आमच्या सुनेला. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारी! त्या कारखान्यात आजवर एकही बाई सेटर झाली नव्हती. मी त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या चाकात फुकट हवा भरली. एक जण तर मोटार घेऊन आला होता, त्याचीही भरली.

आणि तिने ते मशीन ठेवलं कसं! मशीनला पुढून एक मोठी काच असते, आतलं तेल बाहेर उडू नये म्हणून. उस्तादांच्या काळात त्या काचेतून आत काही आहे की नाही हेही कळायचं नाही. हिच्या हातात मशीन आलं आणि काच आरशासारखी झाली. आत सळई पुढे येताना, सोलली जाताना अगदी स्वच्छ दिसे. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बघा, काच बघा." मलाही नेलं होतं एकदा. मी खरंच बघत राहिलो. सुनेने विचारलं, "कसं वाटलं बाबा?" मी म्हटलं, "उंदराचं पिल्लू बिळातून डोकं काढतं, तसं." ती हसली. तिला आतलं दिसायला हवं असतं. उघड्या पातेल्यातली भाजी शिजताना बघणारी बाई आहे ती. झाकण ठेवून कोणी स्वयंपाक केला की तिला स्वस्थ बसवत नाही.

तर दातांच्या दांड्यांचं काम नवीन आलं आणि सळई अडकायला लागली.

सकाळी मशीन सुरू केलं की छान चालायचं. जेवणाची सुट्टी जवळ आली की मध्येच थबकायचं, ओरडायचं, बंद. सळई बाहेर ओढावी तर बुशाने तिला असं धरलेलं, जसं सवत नवऱ्याला धरते. बुश थोडा सैल केला की चालायचं, पण दांड्या खराब. घट्ट केला की दांड्या चांगल्या, पण सळई अडकायची. वैताग! पलीकडच्या शेडमधून उस्ताद येऊन टोमणे मारून जायचे.

"वहिनी, सोडा जरा त्याला. गुदमरलाय बार."

"सोडला की तुमच्या दांड्यांना पोट सुटतं, उस्ताद."

"मग तापतोय. तापला की फुगतो. माणसाचंही तसंच असतं, मालकांकडे बघा."

मालकांनी सळयाच वाईट म्हणून दुसरीकडून मागवल्या. त्याही अडकल्या. मग त्यांनी एका संध्याकाळी हिला बाजूला घेतलं. मालक माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक दारात उभं होतं. ते म्हणाले, "वहिनी, उद्या शनिवारी मशीन सकाळपासून सुटीपर्यंत न अडखळता चाललं पाहिजे. नाही चाललं तर उस्तादांना परत इकडे आणतो आणि तुम्ही पुन्हा टेबलावर बसा. राग मानू नका."

"राग कसला," ही म्हणाली, "मशीनच काढून घेताय, हात थोडेच काढून घेताय."

पण हे झालं तिथलं. घरी आली तेव्हा चपला अशा काढल्या की एक दाराबाहेर आणि एक खुर्चीखाली गेली. मी विचारलं, "काय झालं गं?"

"मामंजी, आज काही विचारू नका."

मामंजी! मी चटकन वर्तमानपत्रात तोंड घातलं.

जेवायला बसलो तरी तिचं तेच. "बार अडकतो. सगळं करून बघितलं. बार अडकतोच." पोरगा म्हणाला, "माझा टेम्पो असा अडकला ना, की मी त्याला दोन लाथा घालतो." आमची ही म्हणाली, "तेल कमी पडत असेल." यावर मात्र सगळे हसलो. सून म्हणाली, "आई, तेल? ते मशीन तेलात न्हातं हो! तळणीतल्या वड्याला नसेल एवढं तेल आहे त्यात." आमची ही तोंड वाकडं करून म्हणाली, "बरं. मला काय कळतंय." हे वाक्य ती अजून विसरलेली नाही. आम्हालाही विसरू देत नाही.

तेवढ्यात पोराचा कोपर लागला आणि ताटाशेजारचा काचेचा पेला खाली पडला.

"पेला फुटला," पोरगा म्हणाला.

"कर्ता कोण?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

आता याचं मूळ सांगतो, म्हणजे शनिवारी काय झालं ते कळेल.

माझ्या गावच्या शाळेत एकच खोली होती आणि एकच गुरुजी. त्यांना दोन गोष्टींचं वेड होतं, तंबाखू आणि व्याकरण. दोन्ही ते सावकाश चघळायचे. आपण रोज कसं बोलतो बघा. पेला फुटला. दूध उतू गेलं. किल्ली हरवली. उशीर झाला. सगळं आपोआप! जणू घरात माणसं राहतच नाहीत. शाळेची खिडकी फुटली आणि कोणी सांगायला गेलं, "गुरुजी, काच फुटली," की ते तंबाखू गालात सरकवायचे आणि विचारायचे, "कर्ता कोण?" पोरगं म्हणायचं, "काच." गुरुजी म्हणायचे, "व्याकरणात काच. पण काचेला हात आहेत का? उड्या मारते का ती? खरा कर्ता उभा करा." आणि मारायचे नाहीत, बरं का. फक्त वाक्य दुरुस्त करून घ्यायचे. 'मी काच फोडली.' तेवढं मोठ्याने म्हणून दाखवलं की झालं, घरी जा.

एकदा पावसाळ्यात गुरुजी भिजत आले. म्हणाले, "छत्री हरवली रे." सगळा वर्ग ओरडला, "कर्ता कोण?" गुरुजी तसेच ओले उभे राहिले. मग फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी छत्री हरवली.' खाली सही केली. ते वाक्य किती तरी दिवस फळ्याच्या कोपऱ्यात तसंच होतं, कोणी पुसलं नाही. शाळेत मी बाकी काय शिकलो ते फारसं आठवत नाही, पण ती सही आठवते.

तेव्हापासून आमच्या घरात हा खेळ आहे. सून आली तेव्हा पहिल्या महिन्यात वैतागली होती, आता सगळ्यात जोरात तीच विचारते.

तर पोराने कान पकडून कबूल केलं, "मी पेला फोडला." सून कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. हसता हसता थांबली. हातातला घास तसाच.

"बाबा, 'बार अडकतो' यात कर्ता कोण?"

"बार," मी म्हटलं.

"व्याकरणात. पण बारला हात आहेत का?" ती माझ्याकडे बघत होती पण बघत नव्हती. "आम्ही सगळे एकच वाक्य बोलत बसलोय. मालक, उस्ताद, मी. बार अडकतो, म्हणून बार बदला. बार अडकतो, म्हणून बुश सोडा. अडकवतंय कोण ते कुणी विचारलंच नाही."

"बुश अडकवत असेल," पोरगा म्हणाला.

"असेल. किंवा गरमी असेल. उद्या एकेकाला उभा करते."

दुसरा दिवस शनिवार. सकाळी जाताना तिने चपला नीट घातल्या, त्यावरून मी ओळखलं की डोकं जागेवर आहे.

मी दुकान उघडून बसलो, पण लक्ष सगळं त्या निळ्या फाटकाकडे. एका पोरीच्या सायकलच्या मागच्या चाकाऐवजी मी पुढच्या चाकाचं पंक्चर काढायला लागलो होतो. ती म्हणाली, "आजोबा, ते चांगलं आहे." मी म्हटलं, "हो, चांगल्याचीही चौकशी करावी मध्ये मध्ये."

जेवणाच्या आधी फोन वाजला. सून. "बाबा, तुमचं भिंग घेऊन या. वर्तमानपत्राचं. लगेच."

मी रस्ता ओलांडला. रखवालदार माझं जुनं गिऱ्हाईक, त्याने फाटक उघडून धरलं. आत मशीन थांबलेलं. अडकलं होतं तर! पण सुनेच्या तोंडावर रडं नव्हतं. तिच्या हातात पांढरं फडकं होतं आणि तोंडाने भराभर चालू होतं.

"ऐका. आत्ता अडकला. मी बुश नाही सोडला, काही नाही केलं. फक्त बार ओढून बाहेर काढला. गरम गरम आहे, हात लावा. लावला? आता हा मी फडक्याने पुसला. बुशही आतून पुसला. आणि लगेच परत घातला." तिने सळई हातानेच बुशात सरकवली. गेली! सरकन नाही, भसकन नाही. मैत्रिणीचा हात सुटतो तशी, रेंगाळत गेली. "बार तोच. बुश तोच, सूतभरही हलवला नाही. गरमी तीच. मग अडकत का नाही आता?"

"का नाही?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"कारण तिघंही निर्दोष आहेत! दोघांच्या मध्ये चौथं कोणीतरी होतं आणि ते या फडक्यात आलंय. भिंग द्या."

तिने फडकं खिडकीच्या उजेडात धरलं. मी भिंगातून पाहिलं. पांढऱ्या कापडावर केसासारख्या चकचकीत लकेरी. नारळ खवताना कीस पडतो ना, तसा पोलादाचा कीस, पण बाळाच्या जावळाइतका बारीक.

"हा आत कसा जातो?" मी विचारलं.

"बार मागे जाताना. हत्यार सोलतं, कीस निघतो, बुशच्या तोंडाशी राहतो, आणि बार मागे गेला की त्याच्याबरोबर आत. एक केस गेला तर कळतही नाही. साठत साठत दुपारपर्यंत दोघांना चिकटवून टाकतो. संध्याकाळी मी सगळं धुऊन ठेवते, म्हणून सकाळी पुन्हा छान." ती एका दमात बोलत होती. "पण तो तोंडाशी राहायलाच नको. तोंडावर तेलाची धार असते, तिने वाहून जायला हवा..."

आणि वाक्य अर्धं टाकून ती मशीनकडे वळली.

तिने काच सरकवली, तेल सुरू केलं. आत एक बोटाएवढी वाकवता येणारी नळी आहे. तिची धार बुशच्या तोंडावर पडत नव्हती. बाजूला, हत्याराच्या मागच्या अंगाला पडत होती.

सून त्या धारेकडे बघत उभी राहिली. चेहऱ्याचा रंग जरा उतरला. मला वाटलं, सापडलं तर आनंद व्हायला हवा, हिला झालं काय?

मशीन थांबलेलं ऐकून मालक आले होते. त्यांच्यामागे उस्तादही होते, म्हणजे निकालाची तयारी करूनच. तिने दोघांना फडकं दाखवलं, सळई सरकवून दाखवली, धार दाखवली. उस्तादांनी सळई स्वतःच्या बोटांनी फिरवली, डोळे मिटून, मान डोलावली. मालक म्हणाले, "म्हणजे ही नळी चुकीच्या जागी आहे, एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली.

"पण ती तिकडे वळली कशी?"

उस्तादांनी सुनेकडे पाहिलं. तो माणूस फटकळ आहे, पण त्याने त्याच क्षणी सगळं ओळखलं असणार, कारण स्वच्छ काचेवरून त्याची नजर नळीकडे गेली आणि नळीवरून सुनेकडे. आणि मग माझ्या कानांनी ऐकलं, उस्ताद अगदी सहज म्हणाले, "थरथरतं ना मशीन. नळी सैल झाली असेल. वळली असेल हळूहळू आपोआप."

दार उघडून दिलं होतं त्यांनी. तिने नुसतं "हो" म्हणायचं होतं. नळी वळली. नळी बसवली. मशीन चालू. सेटर ती सेटरच. मीसुद्धा, खरं सांगतो, मनात म्हटलं, म्हण गं बाई, हो म्हण.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसले.

"वळली नाही," ती म्हणाली. "मी वळवली."

"तुम्ही?" मालक.

"मशीन माझ्याकडे आलं त्याच दिवशी. धार बुशवर आपटून काचेवर उडायची, आतलं काही दिसायचं नाही. मला दिसायला हवं होतं. म्हणून मी नळी बाजूला केली. आधीच्या कामात बार मागे जात नव्हता, म्हणून खपून गेलं. नवीन काम आल्यावर मला आठवायला हवं होतं. नाही आठवलं. बार अडकत नव्हता, मालक. मी अडकवत होते."

मालक काचेकडे बघत राहिले. "म्हणजे ज्या काचेचं कौतुक मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो..."

"तेच कौतुक अडकत होतं," सून म्हणाली.

उस्तादांना खोकला आला. तो हसण्याचा होता हे मला नंतर कळलं.

मालक हसले नाहीत. म्हणाले, "शनिवार संपलेला नाही. चालवून दाखवा."

तिने नळी वळवून धार बुशच्या तोंडावर आणली. बुश धुतला. सळई घातली, हाताने फिरवली, आवळला, आणि मी पाहिलं, तिने अर्धा श्वास सोडला. मशीन सुरू झालं. पहिल्या काही क्षणांतच तेलाचा फवारा काचेवर आला आणि तिची ती आरशासारखी काच पिवळट, चिकट, आंधळी होऊन गेली. तिचा हात सवयीने फडक्याकडे गेला. मग तिने फडकं खिशात कोंबलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

मला दुकानात परत जायचं होतं. नाही गेलो. टेबलापाशी एक स्टूल मिळालं, तिथे बसून राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, मशीन चालू. सगळे परतले, मशीन चालू. रोज सकाळी सुरू केल्यापासून जेवढ्या वेळाने ते किंचाळायचं तेवढा वेळ भरत आला तेव्हा कारखान्यातली निम्मी माणसं काही ना काही निमित्त काढून त्या बाजूने फिरत होती. एकाला पाना हवा होता, पाना त्याच्या हातातच होता. मशीन आपलं गुणगुणत राहिलं. मालक दर थोड्या वेळाने येऊन दांड्या मोजत होते. कपाळावरचा चष्मा त्यांनी शेवटी नाकावर आणला.

सुटीची घंटा झाली तेव्हा सुनेने मशीन स्वतःच्या हाताने थांबवलं. स्वतःच्या हाताने, हे महत्त्वाचं. आपोआप थांबलं नाही.

मालक उस्तादांकडे वळले. "काय करायचं, उस्ताद? येता का इकडे परत?"

"मी कशाला?" उस्ताद म्हणाले. "मी इथे असतो तर नळी वळली म्हटलं असतं. तुम्ही खूश झाला असता आणि मीही. आणि पुढच्या वेळी परत कुणीतरी वळवली असती. हिच्याकडेच राहू द्या. हिच्याकडे मशीनला मालक आहे." मग जरा थांबून, "तुम्हाला सोडून, म्हणजे."

मालक तेव्हा हसले. म्हणाले, "वहिनी, सोमवारी त्या नळीच्या बुडाशी लाल रंगाची खूण करा. आणि टेबलावर बसायला दुसरं कुणीतरी बघा, तुम्हाला आता तिकडे वेळ मिळणार नाही."

एवढंच. हार नाही, तुरे नाहीत. पण रस्ता ओलांडताना मी छाती अशी पुढे काढून चाललो होतो की रखवालदाराने विचारलं, "काका, पाठीत उसण भरली का?"

घरी आम्ही दोघांनी मिळून सगळं सांगितलं. ती थांबली की मी, मी थांबलो की ती. पोरगा मध्ये मध्ये टाळ्या देत होता. आमच्या हिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे तेल कमी पडत होतं."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बुशच्या तोंडाशी, आई," सून हळूच म्हणाली. "तेवढ्याच जागी."

"तेल ते तेलच," आमची ही म्हणाली, आणि तेव्हापासून या घरात यंत्रांबद्दलचा शेवटचा शब्द तिचा असतो.

माझ्या दुकानात येणाऱ्यांना मी अजूनही कधी कधी रस्त्यापलीकडे नेतो. आमची सून बघा म्हणतो, तिचं मशीन बघा म्हणतो. परवा एका गिऱ्हाइकाला नेलं. तो काचेला नाक लावून बराच वेळ बघत होता. काचेवर तेलाचे ओघळ, आत नुसता पिवळा अंधार आणि त्यातून येणारी एकसारखी गुणगुण. शेवटी वैतागून म्हणाला, "आजोबा, यात तर काहीच दिसत नाही."

"नाही ना दिसत?" मी म्हटलं. "तेच दाखवायला आणलं तुम्हाला."